विचारणे म्हणजे हुज्जत नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'पोलिसांशी हुज्जत, एकावर गुन्हा' अशा मथळ्याची चार ओळींची बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून असते. त्या माणसाने केले काय, हे त्या चार ओळींत कधीच कळत नाही. कॉलर धरली, की नुसते नाव विचारले? कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे; बातमीत मात्र दोन्हींना 'हुज्जत' हा एकच शब्द. नोकरीची सगळी वर्षे मी फौजदारी न्यायालयात लिपिक होतो. रिमांडचे, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवण्याच्या परवानगीचे, कागद रोज हाताखालून जात, म्हणून हे लिहावेसे वाटले.

आधी जे ऐकायला बरे वाटत नाही ते सांगतो. बेकायदा अटकेला विरोध करणे हा तुमचा हक्कच आहे, असे छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर फिरतात. ते पाहून पोलिसाचा हात झटकायला जाणाऱ्याने भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ वाचावे. जुन्या भारतीय दंड विधानातले (भादंवि) हे कलम ९९. सरकारी नोकर आपल्या पदाच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर त्याची कृती कायद्यात काटेकोरपणे बसत नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. दिल्लीत दुधावरच्या कराच्या वसुलीला आलेल्या पालिकेच्या निरीक्षकाने म्हैस जप्त केली, म्हणून मालकाने त्याच्या नाकावर ठोसा मारला. नाकाचे हाड मोडले. रीतसर मागणीची नोटीस आधी बजावलीच नव्हती, असा मालकाचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. नोटिशीतली चूक ठोसा मारण्याचे कारण होऊ शकत नाही!

याचा अर्थ दार पूर्ण बंद आहे असा नव्हे. मुळात अधिकारच नसताना केलेली कृती वेगळी आणि अधिकार असताना झालेली चूक वेगळी, हे न्यायालये मानत आली आहेत. द्वेषाने केलेल्या कृतीला सद्भावनेचे पांघरूण मिळत नाही. जिवावर बेतले असेल तर हक्क शाबूत राहतो. साध्या वेशातला माणूस पोलिस आहे हे माहीत नसेल आणि तसे मानायला कारणही नसेल, तर तेव्हाही राहतो. पण ही सद्भावना होती की नव्हती, हे ठरते काही वर्षांनी, न्यायालयात. तोवर माणूस न्याय संहितेच्या कलम १३२ खालचा, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हमला किंवा बळाचा वापर केल्याचा, आरोपी असतो. जुने ३५३ ते हेच, अजामीनपात्र. म्हणून रस्त्यावर हात उगारायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

मग उरते काय? विचारणे. आणि ते थोडेथोडके नाही. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा मेमो, म्हणजे नोंदीचा कागद, जागेवर व्हायला हवा आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष म्हणून सही हवी. हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून ठरलेले आहे आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-तपासाची पद्धत सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३६ मध्येच आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर अटक खरोखर गरजेची का, हे पोलिसांनी नोंदवायचे असते. नाहीतर कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस पुरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल, तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. साक्षीसाठी बोलावणे आले, तर बाईला किंवा साठीच्या वरच्या माणसाला स्वतःच्या घराबाहेर कुठे यायची सक्ती नाही. झडतीचे चित्रीकरण पोलिसांनीच करायचे आहे.

यातला एकही प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, हे स्पष्टीकरण न्याय संहितेतच दिलेले आहे. नागपूर खंडपीठाने तर २०२२ मध्येच म्हटले आहे की शासकीय गुपिते कायद्याखाली पोलिस ठाणे हे 'प्रतिबंधित स्थळ' नाही. म्हणजे ठाण्यात मोबाईलवर चित्रण केले म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही.

पण कागदावरचे कागदावरच राहते. रिमांडच्या वेळी न्यायाधीश आरोपीला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" तो शेजारी बघतो. शेजारी ज्यांनी आणले तेच उभे असतात आणि कोठडी मिळाली तर परत त्यांच्याबरोबरच जायचे असते. "नाही साहेब." 'तक्रार नाही' अशी नोंद होते आणि पुढचा आरोपी उभा राहतो. ही नोंद असलेले किती कागद मी पुढे सरकवले असतील, आठवत नाही. एकदा एका तरुणाने मात्र शांतपणे सांगितले, "मला कशासाठी धरले ते अजून सांगितले नाही." आमच्या न्यायाधीशांनी मान वर करून तपास अधिकाऱ्याकडे पाहिले आणि कागद परत मागवले. नंतर बाहेर तोच अधिकारी वकिलाला म्हणत होता, "पोरगा फार हुज्जत घालतो हो." तेव्हापासून हा शब्द मला खटकतो.

पोलिसांची बाजू मला कळत नाही असे नाही. चौदा-चौदा तास बंदोबस्त करून आलेल्या शिपायाला कुणी कलमे ऐकवली तर तो वैतागणारच. त्याच्यावर खरोखर हात टाकणाऱ्याची गय करू नये. पण वैतागून लावलेल्या कलमाची भरपाई समोरच्याने तारखांना खेटे घालून करायची, हे मला पटत नाही.

माझी विनंती आपल्या वार्ताहरांना आहे. अशी बातमी देताना ठाण्यात दोनच गोष्टी विचाराव्यात. त्या माणसाने नेमके काय केले किंवा तो काय बोलला? आणि कलम कोणते लावले, कामात नुसता अडथळा आणल्याचे, तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचे २२१ की अजामीनपात्र १३२? मिळेल ते उत्तर जसेच्या तसे छापावे. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक