मथळ्यात माशी लिहा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ‘आनुवंशिक मेंदूविकारावर हळदीचा चमत्कारी उतारा’ या मथळ्याची बातमी होती. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचं कुणी भलं छापलं की आमच्याकडे पेपर हातोहात फिरतो, तसा हाही फिरला. मी मात्र तो घरी नेला, कारण बातमीतला हंटिंग्टन हा आजार माझ्या पत्नीला आहे.

तिच्या वडिलांचे हातपाय पन्नाशीत आपोआप हलायला लागले. चालताना झोक जायचा, म्हणून गावाने ते दारूवर घातलं. माणूस तर माळकरी. पत्नीला चाळिशीतच सुरुवात झाली, तेव्हा कुठे तपासणी होऊन नाव कळलं. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. 26 वेळांपर्यंत काही बिघडत नाही, 40 किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार ठरलेलाच. तिच्या रिपोर्टात 44 आहे. हे जनुक 1993 मध्ये सापडलं, त्यात व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या रक्ताचा मोठा वाटा आहे. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आम्हाला दोन मुलं आहेत. आमच्यासारख्या घरात ‘संरक्षण’ हा शब्द छापून आला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

बातमी मी दोनदा वाचली. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात कळतं, की प्रयोग फळमाशीवर झालेला आहे. मला त्या प्रयोगाची थट्टा करायची नाही. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनीही 2016 मध्ये असंच काम प्रसिद्ध केलं होतं. माणसातल्या बिघडलेल्या जनुकाचा तुकडा माशीत घातला की तिच्या डोळ्यातल्या चेतापेशी झडत जातात. खाद्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, मिसळलं तेव्हा ही झड कमी झाली, माशीची हालचालही सुधारली. काम चोख आहे. पत्नीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “माशीला गुण आला ना? मग माशीला द्या.”

माशीपासून माणसापर्यंतची वाट फार लांब आहे आणि बहुतेक औषधं तिथेच अडकतात. हिरव्या चहातल्या ईजीसीजी या घटकाने या आजारातल्या बिघडलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या यीस्टमध्ये कमी होतात आणि माश्यांच्या डोळ्यांतली झड कमी होते, हे बर्लिनच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. तरी आज कुठल्याही देशात हिरवा चहा हे हंटिंग्टनचं मान्य औषध नाही. को-एन्झाइम क्यू-टेन, म्हणजे पेशींना ऊर्जा मिळवायला मदत करणारं द्रव्य, हे वनस्पतीतलं औषध नव्हे, पण गोष्ट तीच. उंदरांत आशा दिसली म्हणून 609 रुग्णांना रोज 2400 मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिलं आणि उपयोग दिसेना म्हणून 2014 मध्ये चाचणी थांबवली.

हळदीची आणखी एक अडचण आहे, ती आमच्या धंद्यातल्यांना तरी कळावी. शंभर किलो राजापुरी हळदीत कर्क्युमिन असतं तीन-चार किलो. तेही पोटातून रक्तात नीट उतरत नाही. बंगळुरूत 1998 च्या अभ्यासात माणसांना 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं. मिऱ्यातलं पायपरिन 20 मिलिग्रॅम सोबत दिल्यावर प्रमाण खूप वाढलं. म्हणून आता कॅप्सूलमध्ये मिरी असते. पण तीच मिरी इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवते, आणि जास्त मात्रेच्या कॅप्सूलनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण इटली-अमेरिकेत नोंदले गेले आहेत. आमटीतल्या चिमूटभर हळदीला यातलं काही लागू नाही. ती खुशाल खावी.

बातमी आल्याच्या आठवड्यात माझे साडू ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून एक चूर्ण घेऊन आले. माया होती त्यात, नाही म्हणवत नव्हतं. डब्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली: ब्राह्मी, अश्वगंधा, हळद आणि चौथ्या नंबरला कपिकच्छू. म्हणजे आपली खाजकुहिली. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, मेंदूत त्याचं डोपामिन होतं, म्हणजे हालचालींचा निरोप नेणारं रसायन. पार्किन्सनच्या माणसाला ते हवं असतं. हंटिंग्टनमध्ये त्याने अंगाच्या हालचाली वाढू शकतात. पत्नी घेते ती टेट्राबेनाझिनची गोळी नेमकं उलटं काम करते, मेंदूतला डोपामिनचा साठा कमी करते. एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने चूर्ण! डबा तसाच परत गेला. साडू दोन दिवस फुगले होते.

वनस्पतींवर माझा राग नाही. सर्पगंधाचंच पाहा. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधाची मुळी देऊन 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये नोंदी छापल्या, तेव्हा जगाने ती गांभीर्याने घेतली. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. टेट्राबेनाझिन साधारण त्याच पद्धतीने काम करतं. दोन्हींनी मन खचू शकतं, म्हणून आमचे डॉक्टर दर खेपेला पत्नीला झोप आणि मूड विचारतात. मुळीचं औषध झालं ते मात्रा, रुग्ण आणि दुष्परिणाम सगळं मोजून लिहिल्यामुळे.

तेव्हा विनंती एवढीच, की अशी बातमी छापताना प्रयोग माशीवर, उंदरावर की माणसावर, हे मथळ्यातच येऊ द्या. जागा पुरत नसेल तर ‘चमत्कारी’ हा शब्द काढा, तेवढ्यात ‘माशी’ आरामात बसते. चालू गोळ्यांसोबत काही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे वाक्यही चौकटीत द्या. तळाशी दिलेलं कुणी वाचत नाही. आणि माणसांवरची चाचणी फसली तर तीही पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापा.

नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत आहे, तो छापू नये. मुलीसाठी स्थळं पाहतो आहोत. येणाऱ्यांना आम्ही आजाराचं स्वतःच सांगतो, पण ते पेपरातून कळायला नको.

– एक वाचक, सांगली