मनूच्या प्रगतिपुस्तकातला शनी

प्रिय सुमे,

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, रागावली असशील. आईंचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर आटोक्यात.

मनूच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात शेरा मारलाय, 'सॅटर्नाईन स्वभाव'. म्हणजे घुमी, उदास. शनीवरून आलेलं विशेषण. हॉस्टेलात तू मला 'शनी' म्हणालीस आणि आपण कितीतरी दिवस बोललो नव्हतो, आठवतं? म्हणून हे तुलाच लिहितेय. मनूनं अर्थ स्वतःच शोधला आणि रात्री दिवा मालवल्यावर विचारलं, "आई, मी अशी आहे?" त्यात आईंनी साडेसातीचं काढलं. माझा जीव थाऱ्यावर नाही.

अगं, रोमन लोकांचा सॅटर्न मूळचा पेरणीचा देव. त्याच्या राज्यात सुवर्णयुग होतं म्हणायचे. रोममध्ये राज्याचा खजिना त्याच्याच देवळात असायचा. १७ डिसेंबरपासून त्याचा सण. कोर्टं बंद, जुगाराला मोकळीक, मालक गुलामांना जेवू घालणार. आपला शिमगाच की! अशा देवाला उदासी चिकटली ती ग्रहामुळे. जुन्यांना ठाऊक असलेल्या ग्रहांत हा सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात संथ, एका फेरीला २९ वर्षांहून जास्त. मग ज्योतिषांनी त्याला थंड आणि कोरडा ठरवलं, वैद्यांनी उदासी आणणारं म्हणून मानलेलं काळं पित्त त्याच्या माथी मारलं, किमयागारांनी शिसं. शिशाच्या विषबाधेलासुद्धा त्याचंच नाव पडलं. आणि गुरू, म्हणजे त्यांचा जोव्ह, त्याच्यावरून 'जोव्हियल', हसतमुख! तू जन्मजात जोव्हियल, हे मी तेव्हाही म्हणायचे, तर तू जेवणाच्या ताटावरून उठून गेली होतीस.

आपला शनैश्चर म्हणजे नुसता हळू चालणारा. मनूही हळूच आहे गं. एक वाक्य बोलायला वेळ घेते, पण बोलते ते विचार करून. याला उदासी का म्हणायचं? हा शेरा पुढच्या वर्गातल्या बाई वाचतील, त्याच्या पुढच्याही, आणि तिच्याकडे बघतानाच तशा बघतील. मला हेच सोसत नाही.

तुझी बदली झाली ना? सामान लागलं का? भाऊजींचं काय ठरलं, ते फोनवर सांग.

रविवारी मनूशी बोल. शेऱ्याचं तू काढू नकोस, ती आपणहून काढेल. सोमवारी मी बाईंना भेटणार आहे. न भांडता कसं बोलायचं, ते त्याआधी कळव.

तुझी,
वसू