‘युनिट ओके’ असा शेरा मारून परत आलेल्या फ्लॅशबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे

विषय: वायरलेस ट्रिगर व फ्लॅशच्या संचातील हाय स्पीड सिंकचा दोष आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

बडोद्यात दांडिया बाजारात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. काम मात्र बहुतेक बाहेरचेच: सयाजीबाग, सूरसागरचा काठ, गिऱ्हाइकाच्या जुन्या वाड्याचा चौक, क्वचित चांपानेर. आपल्या संकेतस्थळावरून मी गेल्या दिवाळीत फ्लॅश आणि त्याला कॅमेऱ्यावरून बिनतारी इशारा देणाऱ्या ट्रिगरचा संच मागवला तो या बाहेरच्या कामासाठीच. त्याच्यात काय बिघाड आहे, हे आपल्या हेल्पलाइनला हिंदीत सांगून झाले, इंग्रजीत ईमेल लिहून झाली. आपले कार्यालय पुण्यात आहे, तेव्हा आता मराठीत सांगून पाहतो.

बिघाड असा. शटर १/२५० सेकंदापर्यंत असेल तर फ्लॅश बिनचूक चालतो. त्याच्या वर गेले की ट्रिगरवर हाय स्पीड सिंकचे, म्हणजे वेगवान शटरशी फ्लॅशचा मेळ घालणाऱ्या मोडचे, चिन्ह दिसते, सुरुवातीचे काही फोटो बरोबर येतात आणि मग कधीतरी फ्लॅश न सांगता साध्या मोडमध्ये उडतो. चिन्ह तसेच राहते. पडद्यावर कसलीही सूचना नाही, बीप नाही. फोटो उघडून बघेपर्यंत कळत नाही.

हे कुठे लक्षात आले तेही सांगतो, कारण आपल्या तंत्रज्ञाला त्यावरून दोष ओळखता यायला हवा. सयाजीबागेत बँडस्टँडजवळ साखरपुडा झालेल्या जोडप्याचे फोटो चालले होते. ऊन अजून कोवळे, दोघांच्या पाठीमागून येणारे. चेहरे सावलीत, म्हणून डावीकडे स्टँडवर प्रकाश मऊ करणारा सॉफ्टबॉक्स लावून फ्लॅश. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/४, शटर १/५००. आडव्या फ्रेम संपवून कॅमेरा उभा धरला. त्या उभ्या फ्रेममध्ये नवरदेवाचा चेहरा लख्ख, फेट्याची जर चमकते आहे आणि नवरी, पैठणी, हातातला नारळ सगळे काळपट. दोघांच्या मधून वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मुलीच्या मावशीने ते पाहिले आणि विचारले, “हिलाच का सावलीत उभं केलंत?”

शटरचे दोन पडदे असतात हे मी आपल्याला सांगायला नको, पण आपल्या सर्व्हिस सेंटरला सांगायची वेळ आली आहे. माझ्या कॅमेऱ्यात १/२५० पर्यंत पहिला पडदा पूर्ण उघडतो, क्षणभर अख्खा सेन्सर मोकळा असतो आणि फ्लॅश तेव्हा उडतो. १/५०० ला पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो, म्हणजे कोणत्याही क्षणी साधारण निम्माच सेन्सर उघडा. अशा वेळी साधा फ्लॅश उडाला तर निम्म्या फ्रेमवरच प्रकाश पडणार. कॅमेरा उभा धरला की ही विभागणी डावी-उजवी होते, म्हणून नवरदेव उजळ आणि नवरी अंधारात. हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदाच न उडता अतिशय वेगाने लुकलुकत राहतो, त्यामुळे सरकणाऱ्या फटीला सगळीकडे सारखा उजेड मिळतो. ताकद दोनएक स्टॉपने घटते (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), ती मी धरूनच चालतो. लुकलुकणेच बंद पडले तर काय धरून चालायचे?

आता आपल्या सर्व्हिस सेंटरने काय केले ते पाहा. फ्लॅश परत आला, सोबतच्या जॉब शीटवर शेरा: “१/१२५ वर टेस्ट केले, युनिट ओके.” १/१२५ वर तो ओके असणारच, ते मी तक्रारीतच लिहिले होते. गाडी चौथ्या गिअरमध्ये अडकते अशी तक्रार घेऊन गेलो आणि मेकॅनिकने ती पहिल्या गिअरमध्ये अंगणात फिरवून परत दिली, त्यातला हा प्रकार. मी पुन्हा पाठवला, सोबत फोटोंच्या मूळ फाइल दिल्या, शटरचा आकडा लाल पेनने लिहून दिला. पुन्हा तोच शेरा, फक्त तारीख वेगळी.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर दिलेली कारणेही बघू. पहिले कारण, वायफायचा अडथळा. ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ असते, हे खरे. पण सिग्नल तुटला तर फ्लॅश उडणारच नाही. इथे तो दर वेळी उडतो, अगदी वेळेवर उडतो, फक्त चुकीच्या मोडमध्ये. शिवाय चॅनल बदलले, ट्रिगरमधले सेल नवे घातले, अंतराचे सेटिंग जवळचे आणि लांबचे दोन्ही करून पाहिले, फर्मवेअर आपल्या सूचनेप्रमाणे अद्ययावत केले. माझ्या मित्राकडे आपलाच, याच मॉडेलचा फ्लॅश आहे; तो माझ्याच ट्रिगरवर १/२००० ला तासभर बिनतक्रार चालला. माझा फ्लॅश त्याच्या ट्रिगरवर लावला की थोड्या वेळात पुन्हा रेघ. म्हणजे दोष माझ्या फ्लॅशमध्येच आहे, आणि तो तापल्यावर उघडा पडतो.

दुसरे कारण, अति तापल्यावर आपोआप होणारे संरक्षण. तसे असते तर आपल्याच माहितीपुस्तिकेप्रमाणे तापमापीचे चिन्ह दिसले असते आणि रिसायकल, म्हणजे पुढच्या उडण्यासाठी चार्ज होणे, मंदावले असते. दोन्ही होत नाही.

तिसऱ्या प्रतिनिधीने तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची प्रकाश कमी करणारी काच, वापरा असा सल्ला दिला. सल्ला चुकीचा नाही, मी वापरतोही. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० हा ढोबळ हिशेब. मागची झाडे धूसर करायला एफ/२.८ वर आलो की पाच स्टॉप वाढतात आणि शटर १/३२०० वर न्यावे लागते. चार स्टॉपचा एनडी लावून ते १/२०० वर आणता येते. पण एनडी फ्लॅशचा प्रकाशही चार स्टॉप खातो, आणि माझ्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये इतका अंधार होतो की फोकस चाचपडतो. आणि मुख्य म्हणजे खोक्यावर ठळक अक्षरांत १/८००० लिहून आपण पैसे घेतलेत. पर्यायी उपाय मला ठाऊक आहेत, पैसे मी त्या १/८००० चे मोजले आहेत.

(खोक्यावर फ्लॅशच्या ताकदीचा आकडा म्हणून “गाइड नंबर ६०” असेही आहे. तो फ्लॅशचे डोके २०० मिलिमीटरवर झूम करून मोजलेला आहे, हे बारीक अक्षरांत आत. सॉफ्टबॉक्समध्ये त्या आकड्याचा उपयोग शून्य. पण ही चाल सगळेच करतात, त्यासाठी वेगळे भांडत नाही.)

खरा संताप आला तो शेवटच्या ईमेलमुळे. आपण लिहिलेत की वस्तूचा “व्यावसायिक वापर” झाल्याने वॉरंटी लागू नाही. संकेतस्थळावरच्या जाहिरातीत लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर आहे, पानाच्या माथ्यावर “प्रोफेशनल्ससाठी” लिहिले आहे, आणि प्रोफेशनलने वापरला म्हणून वॉरंटी रद्द! माझ्या वॉरंटी कार्डावर असे कलम नाही. प्रत जोडली आहे. कायद्याच्या दृष्टीनेही आपण मला ग्राहक नाही म्हणू शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणानुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या व स्वतः वापरलेल्या वस्तूचा वापर “व्यावसायिक हेतू” धरला जात नाही. माझ्याकडे नोकर नाही, सॉफ्टबॉक्सही मीच धरतो किंवा नवरदेवाचा भाऊ.

माझी मागणी अशी. फ्लॅश आपल्या खर्चाने नेऊन १/५०० आणि १/२००० या दोन्ही शटरवर, हाय स्पीड सिंकमध्ये, तापेपर्यंत सलग उडवून तपासावा, आणि शक्य तर माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर. खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर केलात तरी चालेल. तिथे न उजळलेला भाग सरळ काळा दिसतो, शंकेला जागा उरत नाही. दोष दिसला की दुरुस्ती नको, नवा फ्लॅश द्यावा किंवा संचाची पूर्ण रक्कम परत करावी. ट्रिगर चांगला आहे, पण आपल्या फ्लॅशशिवाय मला त्याचा उपयोग नाही. “व्यावसायिक वापर” हा शेरा माझ्या नोंदीतून लेखी काढावा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते, तेव्हा तारखेला पुण्याहून इथे यावे लागेल ते आपल्याला.

बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही जॉब शीट, ईमेलच्या प्रती आणि फोटोंच्या मूळ फाइल असलेला पेनड्राइव्ह सोबत आहे. जोडप्याच्या फोटोंचा वापर फक्त तपासणीसाठी करावा, इतरत्र नको.

आपला,
(स्वाक्षरी)
छायाचित्रकार, दांडिया बाजार, वडोदरा

ता. क. फ्लॅश न्यायला माणूस पाठवताना आधी कुरियरला विचारावे. लिथियम बॅटरीचे पार्सल इथला कुरियरवाला विमानाने पाठवायला घेत नाही, आणि मागच्या वेळी बॅटरी काढून पाठवली तर आपल्या सेंटरने “बॅटरी नसल्याने तपासणी करता आली नाही” असे कळवून आठवडा घालवला होता.