एन्ड्युरो सायकल नुसती उंची विचारून विकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी, कुठेही रविवारी सकाळी गेलं तर हल्ली एन्ड्युरो सायकली दिसायला लागल्यात, म्हणजे डोंगरउतारासाठी केलेल्या, जाड टायर, पुढे फोर्क मागे शॉक (धक्के झेलणारं सस्पेन्शन), दोन्हीकडे १५० ते १८० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याची मुभा) असलेल्या, आणि किंमत विचाराल तर दोन-अडीच लाखांपासून पुढे कितीही. पेपरात यांच्याबद्दल काही छापून आलं की किंमत असते, कार्बन की अॅल्युमिनियम ते असतं, मोठा फोटो असतो. पण फ्रेमची साईज कशी निवडायची आणि सस्पेन्शन कसं लावायचं यावर मराठीत एक ओळ वाचायला मिळत नाही, आणि लोकांचे पैसे वाया जातात ते नेमके तिथेच, म्हणून हे पत्र लिहितोय, जरा मोठं झालंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

आधी साईज. दुकानात गेलं की पहिला आणि शेवटचा प्रश्न असतो, उंची किती? पाच फूट आठ इंच म्हटलं की समोरचा तक्त्यात बघतो, मीडियम पण बसते लार्ज पण बसते, मग जी स्टॉकमध्ये असेल ती तुम्हाला "एकदम परफेक्ट" असते. मग पार्किंगमध्ये सीटवर बसून दोन चकरा मारायच्या, बरी वाटतेय, चला पैसे भरा. साहेब, शर्ट शिवताना सुद्धा शिंपी खांदा वेगळा आणि बाही वेगळी मोजतो, इथे अडीच लाखांची वस्तू एका आकड्यावर विकली जाते.

पार्किंगमधली ही चक्कर फसवी का असते तेही सांगतो. एन्ड्युरोमध्ये चढ आपल्या गतीने चढायचा असतो आणि शर्यतीत घड्याळ लागतं ते उताराला, आणि उतरताना माणूस सीटवर बसलेला नसतोच, पेडलवर उभा असतो, गुडघे-कोपर मोकळे, सीट खाली पाडलेली. उभं असताना सायकल लांब वाटते की आखूड हे ठरतं रीचवर, म्हणजे पेडलच्या मधल्या अक्षापासून (बॉटम ब्रॅकेट म्हणतात तो) हेडट्यूबच्या (हँडलची दांडी जिच्यातून जाते ती पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. आणि बसल्यावर कशी वाटते ते ठरतं सीटट्यूबच्या (सीटची दांडी जिच्यात बसते ती नळी) कोनावर आणि टॉपट्यूबच्या (सीटकडून हँडलकडे जाणारी वरची नळी) लांबीवर. आजकालच्या फ्रेममध्ये सीटट्यूब चांगली उभी असते, ७६ ते ७८ अंश, त्यामुळे बसल्यावर हँडल जवळ येतं आणि ४८० मिलिमीटर रीचची लांबलचक सायकल पण पार्किंगमध्ये आटोपशीर वाटते, मग तीच टेकडीवर उभं राहून उतरवताना हात ताणले जातात आणि पुढच्या चाकावर वजनच पडत नाही. म्हणून दुकानात बघायचीच असेल तर सीट खाली करून, पेडलवर उभं राहून, उतारावर राहतो तसं वाकून बघा, आणि शक्यतो दोन्ही साईज लागोपाठ.

साधारणपणे मीडियमचा रीच ४५०-४६० च्या आसपास आणि लार्जचा ४७५-४८५ असतो, पण एका कंपनीची मीडियम दुसरीच्या लार्जएवढी निघू शकते, त्यामुळे एम-एल अक्षरं सोडा आणि जॉमेट्रीच्या तक्त्यातला आकडा बघा. आधीची सायकल आवडत असेल तर तिचा रीच माहीत करून घ्या आणि त्याच्याशी तुलना करा, याच्याइतकी खात्रीची पद्धत दुसरी नाही. रीचबरोबर स्टॅक (त्याच दोन टोकांमधलं उभं अंतर) पण बघा, कारण स्टॅक कमी पडला की लोक हँडलखाली स्पेसरच्या चकत्या लावत जातात, आणि हेडट्यूब तिरकी असल्यामुळे (६४ अंश वगैरे) प्रत्येक १० मिलिमीटर स्पेसरला हँडल चार-साडेचार मिलिमीटर मागे पण येतं, म्हणजे कागदावरचा रीच तितका कमी झाला. आणि फ्रेम लहान पडली म्हणून ७०-८० मिलिमीटरचा स्टेम (हँडल पकडून ठेवणारा जोड) लावून देणारे पण आहेत, ते अजिबात ऐकू नका, एन्ड्युरोचा स्टेम ३५ ते ५० चाच ठेवायचा, लांब स्टेमने रीच वाढत नाही, फक्त स्टिअरिंग जड होतं आणि वजन नको तितकं पुढे जातं.

दोन साईजच्या मध्ये असाल तर काय करायचं हे तुम्ही कुठे चालवणार यावर आहे. आपल्या टेकड्यांवरच्या वाटा आखूड, गिरिपुष्पाच्या झाडांमधून वळणावळणाच्या, वर मुरूम खाली उघडा काळा खडक, आणि मुख्य म्हणजे सकाळी फिरायला आलेले आजी-आजोबा सगळीकडे, त्यामुळे वेग मर्यादितच ठेवायला लागतो आणि ठेवलाच पाहिजे. इथे लहान साईज जास्त कामाची, पटकन वळते, पुढचं चाक खडकावर उचलायला सोपं जातं. मोठी फ्रेम वेगात स्थिर असते हे खरंय, पण तो वेग मनालीकडच्या लांब उतारांवर मिळतो, कोथरूडच्या मागे नाही. तुम्ही वर्षातून एकदा हिमाचलात जाणार आणि बाकी पन्नास रविवार टेकडीवर, तर पन्नास रविवारांच्या हिशोबाने घ्या.

अजून एक गोष्ट आपल्याकडे कुणी बघत नाही ती म्हणजे सीटट्यूबची लांबी. ड्रॉपर पोस्टमुळे बटण दाबलं की सीट खाली जाते, पण किती मोठा ड्रॉपर बसेल हे तुमच्या पायाच्या लांबीवर आणि सीटट्यूबवर आहे. उदाहरण देतो, समजा बॉटम ब्रॅकेटपासून सीटच्या माथ्यापर्यंत तुमच्या सीटची उंची ७१० मिलिमीटर आहे आणि फ्रेमची सीटट्यूब ४३०, तर वर उरले २८०, त्यातून सीटची जाडी आणि ड्रॉपरचं डोकं-कॉलर मिळून साधारण १०० वजा करा, राहिले १८०, म्हणजे १७० चा ड्रॉपर आरामात. तीच सीटट्यूब ४५० असली की उरले १६०, आता १५० वर समाधान माना. वीस मिलिमीटर ऐकायला काही नाही, पण खड्या उतारावर सीट पोटात लागते तेव्हा कळतं. पोस्ट फ्रेमच्या आत किती खोल जाऊ शकतो तेही विचारा, काही फ्रेममध्ये आत वळण किंवा बोल्ट असतो आणि पोस्ट तिथेच अडतो.

आता सस्पेन्शन, आणि इथे माझी तक्रार जास्त आहे. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला, कॉलेजात आहे, वजन ५४ किलो, वडिलांनी कौतुकाने एन्ड्युरो घेऊन दिली, आणि पोरगी दोन महिने म्हणतेय की काका हात दुखतात, चाक उडतं, मला जमतच नाही वाटतं. मी शॉक बघितला. शॉकच्या चकचकीत दांडीवर एक रबराची बारीक रिंग असते, सायकल जितकी दबेल तितकी ती सरकते आणि तिथेच थांबते, तिच्या रिंगच्या अलीकडे दांडी पुसली गेलेली आणि पलीकडे मुरुमाच्या लाल धुळीचा थर जसाच्या तसा, म्हणजे अर्ध्याच्या पुढे शॉक कधी गेलाच नव्हता. दुकानातून आली तेव्हा शॉकमध्ये जी हवा होती तीच (स्प्रिंगचं काम ही हवाच करते), एखाद्या ८०-८५ किलोच्या माणसाला चालेल इतकी. तिला काय जमत नव्हतं? सगळं जमत होतं, सायकल तिच्यासाठी लावलेलीच नव्हती. दुकानाचं नाव घेत नाही, कारण हे एका दुकानाचं नाहीच.

सॅग, म्हणजे नुसत्या आपल्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, लावायला अर्धा तास पण लागत नाही. हेल्मेट, पॅड, पाण्याची बॅग सगळं घालून (तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, ते धरायलाच हवं), कॉम्प्रेशनचे (सस्पेन्शन दबताना आवरणारे) लिव्हर उघडे ठेवून, एकाने हँडल धरायचं आणि आपण पेडलवर उभं राहायचं, दोन-चार वेळा दाबून स्थिर व्हायचं, रिंग दांडीभोवतीच्या रबरी सीलला टेकेपर्यंत ढकलायची आणि ब्रेक न लावता, धक्का न देता उतरायचं. मग पट्टीने मोजा. मागे ३० टक्क्यांच्या आसपास आणि पुढे २० टक्के इथून सुरुवात करा. हे ३० टक्के शॉकच्या स्ट्रोकचे (दांडी एकूण जितकी आत जाते त्याचे), चाकाच्या ट्रॅव्हलचे नाहीत, म्हणजे ६५ चा स्ट्रोक असेल तर साडेएकोणीस मिलिमीटर. फोर्क १७० चा असेल तर ३४. मित्राला १८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतात म्हणून आपण पण १८० भरायचे याला काही अर्थ नाही, प्रत्येक फ्रेमची शॉक दाबायची तरफ वेगळी असते, त्यामुळे सारख्या वजनाच्या दोघांना दोन वेगवेगळ्या सायकलींवर वेगळाच आकडा लागतो.

हवा फक्त शॉक पंपानेच. हे कळकळीने सांगतोय कारण पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर फोर्क भरून आणलेले लोक आहेत. आत जागा एवढीशी आणि दाब प्रचंड, टायरच्या पंपाने तो नीट भरत पण नाही आणि मोजता पण येत नाही. ४०-५० पीएसआय भरले की थांबा आणि सायकल दहा-बारा वेळा हळूहळू दाबा, म्हणजे आतल्या दुसऱ्या कप्प्यात, निगेटिव्ह चेंबरमध्ये, हवा सारखी होईल, मग पुढचे भरा, नाहीतर काटा एक दाखवतो आणि सायकल दुसरंच करते. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा, शॉकमधून काही जात नाही, तेवढ्यासाठी दहा पीएसआय जास्त भरून ठेवायची गरज नाही.

रिबाउंड म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं. नॉबवर ससा-कासव काढलेलं असतं बऱ्याचदा. पूर्ण बंद करा आणि तिथून उलटे क्लिक मोजा, आणि आकडा लिहून ठेवा. हवा जास्त तर रिबाउंड थोडं मंद लागतं, हवा कमी तर थोडं जलद, म्हणूनच हलक्या माणसाला हवा कमी करून दिली आणि रिबाउंड तसंच ठेवलं तर सायकल दगडांच्या रांगेत दबून राहते, वर यायला वेळच मिळत नाही, आणि हात भरून येतात. उलट फार जलद असेल तर उडी मारली की मागचं चाक लाथ मारतं. वर सांगितलेल्या मुलीची हवा कमी केली, मागे पुढे रिबाउंड दोन-तीन क्लिक उघडलं, आणि त्याच आठवड्यात ती टेकडीवरच्या खडकावरून सायकलवरच खाली आली.

कॉम्प्रेशन आणि टोकन (हवेची जागा कमी करणारे प्लास्टिकचे तुकडे) हे नंतरचं. सॅग बरोबर असूनही दर राईडला शॉक ठक्कन तळाला लागत असेल तर टोकन टाका, त्याने शेवटचा भाग कडक होतो आणि सॅग जवळपास तोच राहतो, आणि महिनोन्महिने पूर्ण ट्रॅव्हल वापरलाच जात नसेल तर टोकन काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तोच दोन-तीन मिनिटांचा उतार परत परत करा, टायरची हवा आधी मोजून घ्या, कारण पाच पीएसआयचा फरक टायरमध्ये असला तर सस्पेन्शनचं काहीच कळत नाही. आणि ऋतू बदलला की परत मोजा, एप्रिलच्या ३८ अंशात ८० पीएसआय भरलेला फोर्क जानेवारीच्या पहाटे ११ अंशात सात-आठ पीएसआयने उतरलेला असतो.

सर्व्हिसबद्दल एवढंच, फोर्कच्या खालच्या पायांची आणि शॉकच्या एअर कॅनची (हवेच्या डब्याची) सर्व्हिस साधारण ५० तासांनी करायची असते, शनिवार-रविवार दोन-दोन तास चालवली तर ते तीन महिन्यांत होतात. आपला मुरूम सील खातो. राईड झाली की दांड्या मऊ फडक्याने पुसा, आणि गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा फवारा सीलवर मारू नका.

पुण्यातल्या दुकानदारांना माझी विनंती आहे, सायकल देताना गिऱ्हाइकाला पूर्ण सामानासकट उभं करून सॅग लावून द्या, आणि एका कार्डावर पुढचा-मागचा पीएसआय, रिबाउंडचे क्लिक आणि वजन लिहून द्या. दोन लगतच्या साईज चालवून बघायला ठेवा. जिथे हे करत नाहीत तिथून घेऊ नका असं घेणाऱ्यांना सांगेन, विशेषतः ज्यांचं वजन ६० च्या आत आहे त्यांना आणि त्यांच्या पालकांना, कारण फॅक्टरीची किंवा दुकानाची अंदाजे लावलेली हवा सगळ्यात जास्त त्यांनाच चुकीची पडते. आणि आपल्या पुरवणीत एखाद्या चांगल्या मेकॅनिककडून फोटोंसकट हे सॅगचं काम टप्प्याटप्प्याने छापलंत तर दिवाळीच्या खरेदीआधी छापा, त्या वेळेला सायकली जास्त विकल्या जातात.

आपला,
एक वाचक,
कोथरूड, पुणे