पक्याच्या भट्टीबद्दल, फक्त तुला

कुर्ला, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते. नंतर करतो म्हणालो आणि राहूनच गेलं, राग धरू नकोस. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ठीक. तुझ्या घराचा स्लॅब पडला असं काकूंकडून कळलं. फोटो पाठव, वहिनींच्या बदलीचं काय झालं तेही कळव.

लिहायला बसलोय ते चिनूमुळे. तीन-चार महिने पोरगं धड जेवत नव्हतं. पोट धरून रडायचं, नाहीतर उगाच चिडायचं. जंताचं औषध दिलं, आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडायचं, भंगाराचं काम चालतं का?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. का ते तुला सांगायला नको.

रक्तातलं शिसं १४ आलं. डेसिलिटरला १४ मायक्रोग्रॅम. आकडा ५ किंवा त्याच्या वर असला की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतकं असलं तर चालेल, असा आकडा मात्र नाहीच. बाई म्हणाल्या, शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, ते तिथे वर्षानुवर्षं राहतं. मोठ्यांच्या पोटात जेवढं जिरतं त्याच्या चार-पाच पट लहान मुलांच्या पोटात जिरतं, आणि अंगात लोह कमी असलं तर आणखी. मार बसतो तो मेंदूला, आणि तो भरून येत नाही. शिसं उतरवायचं औषध साधारण ४५ च्या पुढे देतात, चिनूला लोहाचं टॉनिक दिलंय. बाकी उपाय एकच, येतंय तिथेच बंद करायचं.

म्हणजे पक्याची भट्टी.

त्या रात्री मागच्या खिडकीच्या खाचेत बोट फिरवलं. राखाडी, पिठासारखी मऊ पूड. चिनू रोज त्याच खाचेतून गाड्या पळवतो आणि तीच बोटं तोंडात घालतो. हिने ओल्या फडक्याने सगळं घर पुसून काढलं, दोन दिवसांत खाच पुन्हा भरली. चौकातल्या बोर्डावर हवेचा आकडा रोज झळकतो. हवेत धूळ किती ते तो सांगतो, धुळीत काय आहे ते नाही. वर्षाच्या सरासरीने घनमीटरभर हवेत अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको, असा आपल्याकडे २००९ पासून नियम आहे. आपल्या गल्लीत येऊन मोजतंय कोण?

पवईला गळाची वजनं करायला आपण डबड्यात शिसं वितळवायचो, आठवतं? सव्वातीनशे अंशांवर पाणी होतं त्याचं. कोळसा आणि एक पंखा असला की झालं, म्हणून तर पक्याचं भागतं. गॅरेजवाल्यांना दोन पैसे जास्त देऊन बॅटऱ्या उचलतो, हातोड्याने फोडतो, ॲसिड गटारात, पत्रे कढईत. तुझे बाबा पंपावर होते तेव्हा तर पेट्रोलमध्येच शिसं असायचं. २००० साली ते देशभर बंद झालं आणि आता माझ्या पोराच्या खिडकीत ही पूड.

मागे एकदा धुराचं बोललो होतो. पक्याने त्याच आठवड्यात चिमणी दहा फूट वाढवली आणि मला वर नेऊन दाखवली. "आता येतो का वास?" खरंच येत नव्हता. पण वास प्लास्टिकचा आणि ॲसिडचा होता रे, शिशाला कुठला आलाय वास!

प्रदूषण मंडळाला अर्ज दे, असं ही रोज म्हणते. तिचं बरोबर आहे. अर्ज लिहूनही झालाय, खणात पडलाय. पण बाबांच्या वेळी रात्री दोन वाजता बायकोच्या पाटल्या गहाण टाकून पैसे घेऊन कोण आलं होतं? तू होतास तिथे. भट्टीला सील लागलं तर तो खाणार काय?

परवा त्याच्याकडे गेलो होतो. भट्टीच्या वरच पोटमाळा, तिथे राहतात. धाकटी सात महिन्यांची आहे, आता रांगते. तिचे तळवे राखाडी होते, दिन्या. वहिनी पक्याचे कामाचे कपडे आणि तिची दुपटी एकाच बादलीत भिजवत होत्या. मी चहा घेतला आणि काही न बोलता उठलो. रात्री वाचलं, २००७-०८ च्या हिवाळ्यात सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत बॅटऱ्यांच्याच शिशाने १८ मुलं गेली. झोप लागली नाही.

माझं तो ऐकणार नाही. त्याला वाटेल, मी चिनूपायी त्याच्या पोटावर पाय देतोय. तुझं ऐकेल. वर्गणीवरून तुम्ही बोलत नाही, माहीत आहे. चूक तुझी होती, तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. ते बत्तीसशे त्याने मांडववाल्यालाच दिले होते, पावती मी पाहिलीय. तरी "दिन्या येतो का रे गावाकडून?" असं प्रत्येक गणपतीत विचारतो.

शनिवारी ये. आधी त्याच्या धाकटीचं रक्त तपासून घेऊ, भट्टीचं नंतर बोलू. तपासणीचे पैसे मी भरतो, तू फक्त त्याच्या दारात उभा राहा. चिनूच्या रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्यात, एक पक्यासाठी.

तुझा,
बंड्या