तक्रार पत्र: अँटेनाच्या जोडातून पाणी शिरून रेडिओ निकामी झाल्याबाबत आणि वॉरंटी नाकारल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

टाक्यांमधली पाण्याची पातळी पंपघरापर्यंत कळावी म्हणून आम्ही आपल्याकडून सहा औद्योगिक वायरलेस रेडिओ घेतले. बसवण्याचं कामही आपल्याच माणसांनी केलं. त्यातला मोठ्या टाकीवरचा रेडिओ पहिल्याच पावसाळ्यात बंद पडला. ‘पाणी शिरून झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही’, असं उत्तर आपल्याकडून आलं. पाणी शिरलं हे मलाही मान्य आहे. ते कुठून शिरलं हे मी मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, चढून स्वतः पाहिलं, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बसवल्या दिवशी सिग्नल उणे ६१ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर) होता, तशी नोंद आपल्याच तंत्रज्ञाने करून ठेवली आहे. पाऊस सुरू झाल्यावर तो घसरत घसरत उणे ८८ वर आला. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते हे धरलं, तर पोचणारी शक्ती सुमारे पाचशेव्या हिश्श्यावर आली होती. दुपारी ऊन तापलं की सिग्नल थोडा सुधारायचा आणि पहाटे पुन्हा खाली जायचा. एवढ्यावरूनच ओल्या जोडाचा संशय यायला हवा होता. मी तसं फोनवर सांगितलंही. पण तीन आठवडे आम्हाला रीसेट करा, चॅनेल बदला, फर्मवेअर नवं टाका, एवढंच सांगण्यात आलं. त्या काळात रात्रपाळीचा माणूस भर पावसात टॉर्च घेऊन, ओल्या शिडीने टाकीवर चढून पातळी पाहत होता. त्याचा पाय घसरला असता तर जबाबदार कोण, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

शेवटी एका कोरड्या दिवशी मी अँटेनाखालचा जोड उघडला. केबल अँटेनाला जोडणाऱ्या एन-टाइप कनेक्टरवर साधी वायरिंगची काळी टेप होती, तीही एकच थर आणि वरून खाली गुंडाळलेली. कौलं शाकारताना सुरुवात खालच्या ओळीपासून करतात, म्हणजे वरचं कौल खालच्यावर येतं आणि पाणी निथळून जातं. टेपही तशीच खालून वर गुंडाळायची असते. इथे उलट केल्यामुळे प्रत्येक पदराची कड वर उघडी राहिली आणि तिथे पाणी अडून आत झिरपलं. टेप सोडवताच बोटांवर पाणी ओघळलं. आत केबलमधल्या तांब्याच्या जाळीवर हिरवा कळंक चढला होता, आणि केबल वीतभर कापली तरी जाळी काळवंडलेलीच निघाली. जाळीच्या तारा वातीसारखं पाणी ओढतात, त्यामुळे ती केबल आता पूर्ण बदलावी लागेल.

टेपखाली सिलिकॉनही भरलं होतं. ते लावताना आलेला व्हिनेगरसारखा आंबट वास मला अजून आठवतो. असं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि ते तांब्याला खातं. या जोडावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप आणि तिच्यावर उन्हात टिकणारी टेप, एवढंच पुरेसं होतं.

केबल अँटेनाकडून सरळ रेडिओच्या तोंडात उतरवली आहे. तिला खाली झोळ दिला असता तर ओघळ त्या झोळाच्या तळाशीच गळून गेला असता. शिवाय रेडिओच्या न वापरलेल्या पोर्टवर (केबल जोडायच्या तोंडावर) सील असलेलं झाकण नाही, खोक्यातून येताना असलेली प्लास्टिकची टोपीच तशी ठेवली आहे. रेडिओचं आयपी ६७ हे संरक्षणाचं मानांकन म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवलं तरी चालेल, हे मला ठाऊक आहे. पण ही हमी सगळी तोंडं नीट बंद असतील तरच लागू होते. आपल्याच माणसाने तोंड उघडं ठेवायचं आणि पाणी शिरल्याचा दोष ग्राहकावर टाकायचा, हे मला मान्य नाही.

रेडिओबद्दल माझी तक्रार नाही. उरलेले पाच उत्तम चालतात. पण तेही त्याच हातांनी बसवले आहेत, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

म्हणून बिघडलेला रेडिओ आणि त्याची केबल विनामूल्य बदलून द्यावी. उरलेल्या पाचही ठिकाणचे जोड उघडून तपासावेत आणि पुन्हा नीट सील करावेत. हे काम सुरू असताना मी हजर राहीन, आणि प्रत्येक जोडाचा टेप लावण्याआधीचा व नंतरचा फोटो मला मिळावा. झोळ आणि पोर्टची झाकणंही त्याच फेरीत करून घ्यावीत. उघडलेल्या जोडाचे फोटो आणि सिग्नलच्या रोजच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. कापलेला केबलचा तुकडा मी पिशवीत घालून जपून ठेवला आहे, आपला माणूस येईल तेव्हा त्याला दाखवीन.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावं. तोपर्यंत मोठ्या टाकीची पातळी माणसालाच चढून पाहावी लागणार आहे, हे कृपया लक्षात घ्यावं.

आपला,
देखभाल विभाग प्रमुख