चंद्रपूरला निघण्याआधी

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू दौऱ्यावर निघणार. बॅग भरून झाली आहे, पण इन्सुलिनची जादा पेनं तू सुटकेसमध्ये कपड्यांच्या घडीत ठेवलीस ते मी पाहिलं. ती काढ आणि खांद्यावरच्या पर्समध्ये घे. सुटकेस गाडीच्या डिकीत जाते आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तेवढ्या उन्हात बंद डिकीत इन्सुलिन टिकत नाही. चालू पेनाला फ्रिज लागत नाही हे खरं, पण ३० अंशांच्या आत तर ते राहायला हवं.

लॉजवर फ्रिज असला तर बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेव. गोठलेलं इन्सुलिन नंतर पातळ झालं तरी टाकूनच द्यायचं. फ्रिज नसला तर दोन मडकी माग. मोठ्यात लहान ठेव, मधे ओली वाळू भर, आणि पेनं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आत सोड. तिकडची हवा कोरडी, मडकं चांगलं गार होतं.

यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. नववीपासून तूच तर सगळं सांभाळतेस. पण ऑफिसात मधुमेहाचं अजून कुणाला सांगितलं नाहीस, असं आई म्हणाली. तेव्हापासून माझं मन लागत नाही.

मीही कधी सांगितलं नव्हतं. बियाणांच्या कंपनीत होतो, महिन्यातले वीस दिवस फिरती. साखरेचा माणूस म्हटलं की साहेब लांबचे दौरे देणार नाहीत, ही भीती. एकदा लातूरला जाताना साखर उतरवणारी सकाळची गोळी घेतली आणि गाडी वाटेत बंद पडली. स्टँडवर उतरेपर्यंत अडीच वाजले, पोटात काही नाही. घामाने शर्ट भिजला, पाय लटपटायला लागले, जीभ जड झाली. बरोबरचा सहकारी चार पावलं लांब सरकला. लोक म्हणत होते, "भरदुपारी पिऊन आलाय." मला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. टपरीवरच्या एका मावशींनी माझ्या तळहातावर साखर ओतली. हात इतका ओला होता की साखर चिकटून बसली, ती मी चाटून खाल्ली. त्यांच्या नवऱ्याला हाच आजार होता, म्हणून त्यांना कळलं.

साइटवर "गाडी आली की जेवू" म्हणतील. ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन घेऊ नकोस. आंबा खाल्लास तर हात धुऊन मगच बोट टोच, नाहीतर मशीन खोटा आकडा दाखवतं. रक्तातली साखर ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यातून घे, १५ मिनिटांनी परत तपास. चॉकलेटवर विसंबू नकोस, त्याची साखर रक्तात उशिरा उतरते.

आणि बरोबरच्या एकाला तरी साखरेसाठी पर्सचा कुठला कप्पा उघडायचा ते दाखवून ठेव. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, लगेच १०८ ला फोन करायचा, हेही सांग.

पोचलीस की फोन कर. साखर किती आली ते नंतर सांग, आधी कुणाला सांगितलंस त्यांचं नाव सांग.

तुझे,
बाबा